पार्टिशन दिसत नाही म्हणजे गेलं असं नाही

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला अन् तेव्हापासून या सदराच्या पत्रांचा विषयच बदलला. ज्यांचं मशीन विंडोज ११ घेत नाही त्यांनी घरच्या घरी उबंटू नाहीतर मिंट ही लिनक्स सिस्टिम टाकून पाह्यलं, विंडोजही ठेवलं कारण कोणाचा प्रिंटर अडते तर कोणाचं टॅली, अन् मग एकाच डिस्कच्या वाटण्या, म्हणजे पार्टिशन, करता करता कुठंतरी घोडं अडलं. या वेळची पत्रं जवळपास सगळी पार्टिशनचीच आहेत म्हणून एकत्रच घेतो.

आधी थोडं कामाचं. कमांड इथं देवनागरीत छापल्या आहेत, टाइप इंग्रजीत करायच्या. पत्रासोबत 'एलएसबीएलके' अन् 'एलएसबीएलके -एफ' या दोन कमांड लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) चालवून स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून पाठवत जा, पहिलीत कोणतं पार्टिशन केवढं ते दिसते, दुसरीत त्यावर कोणती फाइल सिस्टिम अन् त्याचा यूयूआयडी, म्हणजे ओळख नंबर, काय ते. नुसतं "माझा डी ड्राइव्ह गेला" लिहिलं तर मी काहीच सांगू शकत नाही, लिनक्सला डी ड्राइव्ह ही भानगडच माहीत नसते.

प्रश्न : दादा नमस्कार, आर्णी तालुक्यातून लिहून राहिलो. जुन्या डेस्कटॉपवर विंडोज ७, उबंटू अन् मिंट असे तीन होते. उबंटू कोणी वापरत नव्हतं म्हून विंडोजमधून त्याचं पार्टिशन डिलीट केलं. आता मशीन चालू केली की काळ्या स्क्रीनवर 'नो सच पार्टिशन' अन् खाली 'ग्रब रेस्क्यू' एवढंच येते, विंडोज बी येत नाही. गावातला पोरगा म्हणते पूर्ण फॉरमॅट मारा लागते. मिंटमध्ये कापसाचा, मजुरीचा सगळा हिशेब हाय. काय करू?

उत्तर : भाऊ, फॉरमॅट मारू नका अन् कोणाला मारूही देऊ नका. तुमचा हिशेब जागेवर आहे, विंडोजही जागेवर आहे, फक्त मशीन चालू होताना दोघांपर्यंत नेणारा प्रोग्राम, ग्रब, वाट चुकला आहे.

झालं काय ते समजून घ्या म्हणजे पुढच्या वेळी भीती वाटणार नाही. तुमची डिस्क पार्टिशनची नोंद ठेवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. त्या पद्धतीत प्रायमरी पार्टिशन जास्तीत जास्त ४, त्यातल्या एकाला एक्स्टेंडेड करून त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशन पाडायचे, अन् लॉजिकलचे नंबर नेहमी ५ पासून सुरू होतात. तुमचा उबंटू ५ वर होता, मिंट ६ वर. ५ उडवला की ६ चा आपोआप ५ होतो, लॉजिकलमध्ये मधला नंबर रिकामा राहत नाही. पण ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या अगदी सुरुवातीला बसलेला असतो अन् त्यात "माझं बाकी सामान ६ नंबरवर" असं लिहून ठेवलेलं असते. तो ६ शोधते, ६ आता नाहीच, म्हणून तो तिथंच थांबते. अन् विंडोजही याच ग्रबच्या यादीतून उघडत होतं म्हणून तेही बंद पडल्यासारखं वाटते.

आता पेनड्राइव्ह वगैरे लावला असेल तर काढून घ्या, नाहीतर डिस्कचे नंबर बदलतात. त्या काळ्या स्क्रीनवर 'एलएस' टाइप करून एंटर मारा. कंसात नावं येतील, (एचडी०), (एचडी०,एमएसडॉस५), (एचडी०,एमएसडॉस१) अशी. मग एकेक तपासायचं : 'एलएस (एचडी०,एमएसडॉस५)/'. शेवटची तिरपी रेघ विसरू नका. विंडोजचं किंवा दुसरं काही असेल तर बहुतेक 'अननोन फाइलसिस्टिम' म्हणेल, अन् मिंटचं असेल तर बूट, होम, ईटीसी अशी फोल्डरची नावं सरळ समोर येतील. होम दिसलं की समजा काम झालं. मग एकेक ओळ टाइप करून प्रत्येकीनंतर एंटर :

सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस५)/बूट/ग्रब
सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस५)
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

नेहमीचा मेन्यू येईल. त्यातून मिंट उघडा, हिशेबाची फाइल सगळ्यात आधी पेनड्राइव्हवर घ्या, अन् मग टर्मिनलमध्ये 'सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए' अन् त्यानंतर 'सुडो अपडेट-ग्रब'. इथं एसडीए म्हणजे पूर्ण डिस्क, एसडीए५ नाही, नंबर लावायचा नाही. हे दोन्ही न करता मशीन बंद केली तर परत तीच काळी स्क्रीन येईल, कारण वरच्या चार ओळी तेवढ्या वेळेपुरत्याच असतात.

'इन्समॉड नॉर्मल'ला फाइल सापडत नाही असं आलं तर मेन्यूचा ग्रब उबंटूचा होता अन् उबंटूसोबतच गेला असं समजा. मग मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता थेट चालणारं मिंट) मशीन चालू करा, 'सुडो माउंट /डेव्ह/एसडीए५ /एमएनटी', अन् मग 'सुडो ग्रब-इन्स्टॉल --बूट-डिरेक्टरी=/एमएनटी/बूट /डेव्ह/एसडीए'. लाइव्हमध्ये पेनड्राइव्ह कधी कधी स्वतःच एसडीए होऊन बसतो, म्हणून आधी एलएसबीएलके करून साइज पाहून डिस्क ओळखा. पुढं कधी पार्टिशन उडवायचं झालं तर जी लिनक्स ठेवायची आहे तिच्यात बसून उडवा अन् रिस्टार्ट करायच्या आधीच ग्रब-इन्स्टॉल चालवा, मग ही पाळीच येणार नाही.

प्रश्न : मेहकरजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. फोटो एडिटिंग विंडोजवर करतो अन् सगळं साठवतो लिनक्सच्या ३०० जीबीच्या पार्टिशनमध्ये, कारण व्हायरसची भीती नाही. विंडोज चालू केलं की रोज विचारायचं, ड्राइव्ह वापरायला फॉरमॅट करा. मी रोज कॅन्सल करत होतो. परवा भाच्यानं डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ते बिनकामाचं आहे असं समजून डिलीट व्हॉल्यूम मारलं. लग्नाच्या सीझनचे फोटो आहेत हो त्यात, लोक अल्बम मागून राहिले. डिस्क साधी हार्ड डिस्क आहे, एसएसडी नाही.

उत्तर : दादा, शेवटच्या वाक्यानं जीव भांड्यात पडला. साध्या हार्ड डिस्कवर पार्टिशन डिलीट केलं की फक्त टेबलातली एक नोंद जाते, कुठून सुरू अन् कुठं संपते एवढीच. सातबाऱ्यावरची नोंद उडाली म्हणून वावरातली माती कोणी उचलून नेत नाही, तसंच तुमचे फोटो होते तिथंच पडून आहेत. पण एक अट आहे, या क्षणापासून त्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. मोकळ्या दिसणाऱ्या जागेत नवीन पार्टिशन करायचं नाही, फॉरमॅट नाही, विंडोजही चालू करू नका कारण ते आपलं आपण काही ना काही लिहीत राहते. फोटो परत आणून देतो म्हणणारं कोणतंही सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर इन्स्टॉल करू नका, माणसं इथंच हात दाखवून अवलक्षण करतात.

उबंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा अन् दुसरी एक बाहेरची हार्ड डिस्क आणा, फोटो मावतील एवढी. लाइव्हमध्ये 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेस्टडिस्क' करा (सापडत नाही म्हटलं तर सेटिंगमधून युनिव्हर्स रिपॉझिटरी चालू करून 'सुडो ॲप्ट अपडेट' मारा). मग 'सुडो टेस्टडिस्क'. ते डिस्क विचारेल, साइज पाहून बरोबर डिस्क निवडा. टेबलाचा प्रकार विचारेल, जो ते स्वतः सुचवते तोच बहुतेक बरोबर असतो. मग ॲनालाइज, मग क्विक सर्च. ३०० जीबीचं लिनक्सचं पार्टिशन यादीत दिसलं की त्यावर जाऊन पी दाबा. फाइलींची यादी उघडेल, तुमच्या फोल्डरची नावं ओळखीची दिसतील. दिसलं नाही तर क्यू दाबून मागं या अन् डीपर सर्च लावा, मोठ्या डिस्कला त्यात बराच वेळ जातो, जाऊ द्या.

यादी दिसली की लगेच राइट मारायची घाई करू नका. आधी त्या यादीतच ए दाबून सगळं सिलेक्ट करा अन् मोठा सी दाबून बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. कॉपी झालेले पाच-पंचवीस फोटो उघडून पाहा, मोठे करून पाहा, अर्धवट राखाडी तर नाही ना. त्यानंतरच टेस्टडिस्कमध्ये राइट करून नोंद परत लिहा. उलट क्रमानं केलं अन् हद्द चुकीची लिहिल्या गेली तर काम अवघड होऊन बसते.

यादी रिकामीच आली तर त्याच्यासोबतच फोटोरेक येते, ते फाइल सिस्टिम न पाहता डिस्क चाळून जेपीईजी अन् कॅमेऱ्याच्या रॉ फाइली वेचून काढते. फोटो मिळतात पण फोल्डर अन् फाइलची नावं मिळत नाहीत, लग्न वेगळी करायचं काम तुम्हालाच तारीख पाहून करा लागेल. अन् बाकी वाचकांसाठी सांगतो, हीच गोष्ट एसएसडीवर झाली अन् वरून फॉरमॅटही झाला तर ट्रिम नावाची सोय मोकळ्या झालेल्या जागा खरोखर पुसून टाकते, तिथं फारशी आशा धरू नये. साध्या डिस्कवरही क्विक फॉरमॅट अन् फुल फॉरमॅटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, व्हिस्टापासून पुढं फुल फॉरमॅट पूर्ण पार्टिशनवर शून्य लिहिते.

विंडोज रोज फॉरमॅट विचारते ते कायमचं बंद होते. विंडोजला ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम वाचता येत नाही अन् तरीही त्याला ड्राइव्हचं अक्षर दिलेलं असते म्हणून ते विचारत राहते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या पार्टिशनवर राइट क्लिक, चेंज ड्राइव्ह लेटर, अन् रिमूव्ह. फक्त अक्षर जाते, आतलं काही जात नाही. भाच्याला रागावू नका, त्याला विंडोजनं ते रिकामंच दाखवलं होतं.

प्रश्न : धारणीकडच्या शाळेवर शिक्षक आहे. शाळेच्या संगणकावर डेबियन होतं, बाजूला मिंट टाकलं. मिंट मस्त चालते पण तेव्हापासून डेबियन चालू व्हायला दीड मिनिट जास्त लागते, 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' म्हणून सेकंद मोजत बसते.

उत्तर : सर, हा दीड मिनिट म्हणजे ९० सेकंद, सिस्टिमडी (लिनक्समधली सगळी कामं चालू करणारा प्रोग्राम) एखाद्या डिस्कची वाट पाहते तो ठरलेला वेळ. तुमच्या डिस्कवर स्वॅप पार्टिशन (मेमरी कमी पडली की वापरायची जागा) एकच आहे. मिंट टाकताना इन्स्टॉलरनं ते फॉरमॅट केलं, फॉरमॅट झालं की यूयूआयडी नवा होतो, अन् डेबियनच्या एफस्टॅबमध्ये (कोणतं पार्टिशन कुठं जोडायचं ती यादी) अजून जुना लिहिलेला आहे. ते बिचारं जुन्या नंबराची वाट पाहून थकते अन् मग स्वॅपशिवायच पुढं जाते.

डेबियनमध्ये 'सुडो बीएलकेआयडी' चालवा, स्वॅप लिहिलेल्या ओळीतला यूयूआयडी कॉपी करा अन् 'सुडो नॅनो /ईटीसी/एफस्टॅब' उघडून स्वॅपच्या ओळीत जुन्याच्या जागी टाका. मग /ईटीसी/इनिटरामएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/ मध्ये रेझ्यूम नावाची फाइल असेल, तिच्यातही जुनाच नंबर असतो, तोही बदला अन् 'सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू' मारा. पुष्कळ लोक एफस्टॅब बदलतात अन् ही दुसरी फाइल विसरतात, मग म्हणतात अजूनही वेळ लागतेच.

स्वॅप दोघांत एकच ठेवायला हरकत नाही, फक्त एकाला हायबरनेट करून दुसरं चालू करायचं नाही, पहिल्याची झोपवलेली मेमरी त्याच स्वॅपमध्ये असते. अन् मुलांचं काम ठेवायला वेगळं डेटा पार्टिशन एफस्टॅबमध्ये लिहिलं असेल तर त्या ओळीत 'नोफेल' जोडून ठेवा. नाहीतर ती डिस्क कधी दिसली नाही तर संगणक थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन उभा राहते, अन् तेव्हा नेमके शाळेत तुम्ही नसता.

प्रश्न : साकोली तालुक्यात मी सेवा केंद्र चालवते. फिंगरप्रिंटचं मशीन विंडोजवरच चालते म्हणून ते ठेवलं, बाकी टायपिंग, स्कॅन उबंटूवर करते. डी ड्राइव्ह दोन्हीकडून वापरते. कधी उबंटूतून त्यात सेव्ह होते, कधी रीड ओन्ली सांगते, कधी उघडतच नाही. डिस्क खराब झाली का?

उत्तर : ताई, कधी होते अन् कधी नाही हेच उत्तर आहे. डिस्क खराब नाही, विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू आहे. विंडोज ८ पासून शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपते, अन् एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) ड्राइव्ह आपल्याच ताब्यात ठेवून झोपते. तशा ड्राइव्हवर उबंटूनं लिहिलं तर फाइली बिघडू शकतात म्हणून उबंटू हात आवरून घेते. रिस्टार्ट केलं तर मात्र विंडोज पूर्ण बंद होते, म्हणून ज्या दिवशी तुम्ही रिस्टार्ट करून उबंटूत आल्या त्या दिवशी सगळं सुरळीत.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा अन् 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' टाका, फास्ट स्टार्टअप अन् हायबरनेट दोन्ही बंद. मोठं अपडेट आलं की परत एकदा पाहून घ्या. लाइन गेल्यामुळे मशीन धाडकन बंद पडली असेल तर विंडोजमधून 'सीएचकेडीएसके डी: /एफ' एकदा चालवा. उबंटूतल्या एनटीएफएसफिक्सवर विसंबू नका, ते वरवरची दुरुस्ती करते अन् खरी तपासणी विंडोजवरच सोडते. लोकांच्या दाखल्यांचे कागद आहेत तुमच्याकडे, डी ड्राइव्हची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर रोज संध्याकाळी गेलीच पाहिजे.

प्रश्न : वरुडहून. सेकंडहँड मशीनवर सी, डी, ई अन् एक छोटं सिस्टिम रिझर्व्हड आहे. जागा मोकळी केली तर इन्स्टॉलर तिला 'अनयुजेबल' म्हणते. विंडोजमधून पार्टिशन करायला गेलो तर डायनॅमिक डिस्क करू का विचारते. यस करू का?

उत्तर : नो. डायनॅमिक केली की लिनक्सचा इन्स्टॉलर तिथं नीट काम करत नाही अन् डेटा ठेवून मागं फिरणं फार किचकट. तुमचे ४ प्रायमरी भरले, एवढंच झालं आहे. ई मधलं सामान दुसरीकडे हलवा, ई डिलीट करा, अन् लाइव्हमधून जीपार्टेडमध्ये (पार्टिशन करायचा प्रोग्राम) त्या सगळ्या जागेचं एक्स्टेंडेड करून आत लॉजिकल पाडा. लिनक्स लॉजिकलवरून मजेत चालते. मशीन यूईएफआयवाली (बायोसच्या जागी आलेली नवी सोय) असेल तर विंडोज १० मधल्या एमबीआर२जीपीटीनं डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीचीही करता येते, त्यात १२८ पार्टिशनची सोय असते, पण ते हत्यार ३ पेक्षा जास्त प्रायमरी असले तर नाही म्हणते.

प्रश्न : सिंदेवाही तालुका. डिस्कवर ओळीनं सी, मग २५० जीबीचा डी, मग शेवटी २० जीबीचं मिंट आहे. मिंट भरलं, काहीच इन्स्टॉल होत नाही. सी मधून ५० जीबी कमी करून मिंटला द्यायचे आहेत. जीपार्टेडमध्ये आधी डी सरकवा लागते असं दिसते. आमच्याकडे लाइन कधी जाईल भरवसा नाही, मशीन डेस्कटॉप आहे. करू का?

उत्तर : असं करू नका भाऊ. सी छोटं केल्यावर मोकळी जागा डी च्या आधी येते, म्हणून पूर्ण डी डावीकडे सरकवा लागतो, अन् सरकवणं म्हणजे त्यातला सगळा डेटा उचलून नव्या जागी लिहिणं. साध्या डिस्कवर त्याला कितीतरी तास लागतात. मधात लाइन गेली तर अर्धा डी नव्या जागी अन् अर्धा जुन्या जागी, अन् ते जोडणं भल्याभल्यांना जमत नाही. मे महिन्यात चंद्रपूरकडे ४५ अंशावर पारा असताना डिस्क तासन्‌तास पळवणंही बरं नाही, बहुतेक हार्ड डिस्क ६० अंशांपर्यंतच चालवायच्या असतात.

आधी मिंट कशानं भरलं ते पाहा. मिंटमध्ये टाइमशिफ्ट असते अन् त्याचे स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमच्या जुन्या प्रती, त्याच २० जीबीत साठत जातात, मला आलेल्या पत्रांत भरलेल्या मिंटमागं बहुतेक वेळा तेच निघते. टाइमशिफ्ट उघडून जुने उडवा, दोन ठेवा. मग 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज' अन् 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम'. यातच बरीच जागा निघते.

तरी जागा हवीच असेल तर काही न सरकवता करा. सी चं ५० जीबी विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करा, त्या मोकळ्या जागेत ईएक्सटी४ पार्टिशन करा अन् ते मिंटचं होम (तुमच्या फाइलींचं फोल्डर) बनवा. होम मिंटच्या शेजारीच पाहिजे असा काही नियम नाही, डिस्कवर कुठंही असलं तरी चालते. लाइव्हमधून मिंट अन् नवीन पार्टिशन दोन्ही माउंट करा, 'सुडो आरसिंक -एएएक्स' नं जुन्या होमचं आतलं सगळं नव्यात टाका (पहिला ए लहान, दुसरा ए अन् एक्स मोठे), जुन्या होमचं नाव बदलून होम-जुनं असं काही ठेवा, रिकामं होम फोल्डर तयार करा अन् मिंटच्या एफस्टॅबमध्ये नव्या पार्टिशनचा यूयूआयडी /होम साठी लिहा. आठ-दहा दिवस सगळं नीट चाललं की मगच होम-जुनं उडवा, जागा तेव्हाच मोकळी होईल. कॉपी चालू असताना लाइन गेलीच तर काही बिघडत नाही, मूळ फाइली जागेवरच असतात, आरसिंक परत चालवलं की राहिलेलं तेवढं उचलते.

प्रश्न : एटापल्लीवरून. लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागं दिसते. सेल बदलला तरी तेच.

उत्तर : सेलचा दोष नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी ठेवते, विंडोज तीच वेळ इथली समजते, अन् आपली वेळ यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटं पुढं. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' चालवा, मग विंडोजमध्ये जाऊन वेळ एकदा बरोबर लावा. दोन लिनक्स असतील तर ही कमांड दोघांतही चालवा लागते.